विहिरीतला हवेचा हातोडा

चिखलीहून खामगावकडे जाताना अमडापूर लागते. या परिसरात उन्हाळ्यात विहिरीचे काम चालू असेल, तर काठावर ट्रॅक्टर धडधडताना तुम्ही पाहिला असेल. त्याला जोडलेल्या कॉम्प्रेसरमधून एक जाड रबरी नळी विहिरीत उतरते आणि खाली उभा असलेला कामगार काळ्या पाषाणात सुरुंगाची भोके पाडतो. माती आणि मुरूम संपला की लागणारा हा बेसॉल्ट म्हणजे गोठलेला लाव्हा. कुदळ तेथे चालत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, ज्या हवेतून आपण हात सहज फिरवतो, ती खडक कशी फोडते? समजा, यंत्रातील दट्ट्याचा व्यास साडेसहा सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३३ चौरस सेंटिमीटर भरते. हवेचा जादा दाब दर चौरस सेंटिमीटरला ६ किलोग्रॅम असेल, तर दट्ट्यावर जवळजवळ २०० किलोग्रॅम वजनाएवढा जोर येतो. झडप ही हवा आळीपाळीने दट्ट्याच्या वर व खाली सोडते आणि मिनिटाला सुमारे २००० ठोके बसतात. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातील रेल्वेची भोके मजुरांनी हातांनी ठोकून पाडली. त्याच सुमारास, १८६१ पासून, आल्प्स पर्वतातील माँ सेनी बोगद्यात सोमेये या अभियंत्याने हवेवर चालणारी यंत्रे लावली होती.

आता टाकीकडे पाहू. २०० लिटरच्या टाकीत ७ किलोग्रॅम जादा दाबाची हवा असली, तर ती फुटताच सुमारे १४०० लिटर हवा क्षणात बाहेर झेपावते. म्हणूनच टाकीची ताकद तपासताना तिच्यात पाणी भरून दाब देतात. पाणी फारसे दबत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. टाकीला तडा गेला, तर थोडे पाणी गळते आणि दाब लगेच उतरतो. दाबलेली हवा थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन तळाशी साचते व आतून गंज चढवते. ते रोज खालच्या तोटीतून काढावे लागते. सुरक्षा झडप 'सारखी फुसफुसते' म्हणून कोणी तारेने बांधून टाकली, तर त्या टाकीजवळ उभेसुद्धा राहू नका.

नळी निसटली तर ती सापासारखी फटके मारते. म्हणून जोडाला खीळ किंवा तार हवीच. यंत्र सोडवण्यापूर्वी आधी हवा बंद करायची, नळीतील उरलेली हवा सोडून द्यायची आणि मगच जोड उघडायचा. नळी दुमडून हवा अडवणे हा शहाणपणा नव्हे. जुन्या भोकात पुन्हा ड्रिल घालणे तर त्याहून वाईट, कारण तेथे न उडालेली दारू असू शकते.

पंक्चरच्या दुकानातील नळीने अंगावरची धूळ झटकण्याची सवय पुष्कळांना असते. ती सोडा. हवेचा झोत जखमेतून त्वचेखाली शिरू शकतो, कण डोळ्यांत घुसतात. गमतीने मित्राच्या गुदद्वाराशी नळी धरल्याने मृत्यू झाल्याच्या बातम्या आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेल्या आहेत. वातावरणाच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा जादा दाबही आतडे फाडायला पुरतो, आणि नळीत त्याच्या वीसपट असतो! कपडे अंगात असले म्हणून हवा अडत नाही.

काही इजा मात्र सावकाश होते. खडकाची धूळ फुप्फुसात बसते. बेसॉल्टमध्ये मुक्त सिलिका थोडी असते, वाळूच्या दगडात पुष्कळ. म्हणून तेथील धूळ अधिक घातक. भोकात पाणी सोडत ड्रिल चालवले, तर धूळ उडण्याऐवजी तिचा चिखल होतो. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, आणि विहिरीत तो भिंतींवरून परतून पुन्हा कानावर आदळतो. कानात बोळे हवेत. अमेरिकेतील इंडियाना राज्यात १९१८ साली डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी चुनखडीच्या खाणीतील कामगार तपासले. हवेच्या हातोड्याच्या कंपनांनी त्यांची बोटे थंडीत पांढरीफटक पडत व बधिर होत. सर्वांत जास्त त्रास डाव्या हाताला होई, कारण त्या हाताने ते छिन्नी धरीत.