गांवाला डॉक्टर हवा आहे

ज्या स्थळीं एक दिवसही राहूं नये असें नीतिकारांनीं सांगितलें आहे, तें स्थळ म्हणजे धनिक, श्रोत्रिय, राजा, नदी आणि वैद्य हे पांच जेथें नाहींत तें. आमच्या गांवीं धनिक आहेत. राजाची जागा ग्रामपंचायतीनें घेतली आहे. नदीला पौषापर्यंत पाणी असतें. श्रोत्रियाचें काम आमच्यासारखे पेन्शनर कसेंबसें भागवितात. पांचवा मात्र गेलीं तीन वर्षें नाहीं.

सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र बारा मैलांवर आहे. सपाट प्रदेशांत ३०,००० वस्तीस असें एक केंद्र, हा नियम. तेथें येणारे तरुण बहुधा वर्षभराच्या सक्तीच्या सेवेवर येतात आणि वर्ष भरतांच जातात. त्यांना दोष देववत नाहीं. परंतु आजीचा दमा, मुलाचा मधुमेह व नातीची तोळामासा प्रकृति हीं एकाच घरचीं म्हणून ओळखणारा घरचा डॉक्टर निराळाच.

असा एक डॉक्टर आम्हांस लाभला होता. सहा वर्षांपूर्वीं तो आला तेव्हां आम्ही वेशीपासून मिरवणूक काढली. राहावयास घर दिलें तें मात्र पावसाळ्यांत गळणारें. त्याची पत्नी उच्चशिक्षित; तिला शिकविण्याचें काम हवें होतें, तें देतों देतों म्हणून कोणीं दिलें नाहीं. लोक अपचनासाठीं रात्रीं दोन वाजतां कडी वाजवीत, पैसे सुगीवर ढकलीत. मोठें दुखणें आलें कीं जिल्ह्याच्या गांवीं जाऊन हजारों रुपये रोख मोजीत. आम्ही स्वतः ‘मास्तर’ म्हणून तीन वर्षें फुकट औषध घेतलें. तो पैसे घेईना, हें खरें. पण आम्हीही दुसऱ्यांदा विचारलें नाहीं. आमच्या घरीं त्याच्या पत्नीस एकदां हळदीकुंकवास बोलाविलें. पुढें राहून गेलें.

ज्येष्ठांत त्यांचें सामान ट्रकवर चढलें. भाद्रपदांत एका रात्रीं आमच्या भावजयीच्या छातींत कळ आली. बारा मैलांपैकीं सातच मैल झाले होते.

डॉक्टरानें खेड्यांत येऊन त्याग करावा, अशीं व्याख्यानें आम्ही पुष्कळ दिलीं आहेत. पेन्शन चार दिवस लांबली तर बँकेंत तीन खेपा घालणाराही तोच व्याख्याता! नवी सून आणावयाची तर आपण घराला रंग देतों, तिच्या आवडीनिवडी विचारतों. डॉक्टर आणतांना मात्र हार आणि नारळ एवढ्यावर भागेल असें वाटतें.

अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतील जामखेड पाहण्याजोगें आहे. वेल्लोर येथें वैद्यक शिकलेलें आणि अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून आलेलें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य १९७० सालीं त्या दुष्काळी मुलखांत आलें आणि तेथलेंच झालें. १९७९ सालीं त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हांस त्याहून मोठी वाटते ती गोष्ट निराळी. खेड्यांतल्या, पुष्कळदां निरक्षर, बायकांना शिकवून त्यांनीं गरोदर बाईची काळजी, मुलांचें वजन, जुलाबांत मीठसाखरेचें पाणी, असलीं कामें त्यांच्या हातीं सोंपविलीं. ज्या गांवच्या बायका एवढें करितात, तेथील डॉक्टरास रात्रीं झोंपही मिळत असेल!

यंदा आम्ही सातआठ मंडळी जमलों. घराचीं कौलें बदललीं, नळ आंत घेतला. सव्वाशें कुटुंबांनीं महिन्याची वर्गणी आगाऊ भरण्याचें लिहून दिलें; त्यांत पहिली सही आमची. पंधरवड्यांतून एक रविवार डॉक्टरास कोणीं हांक मारावयाची नाहीं, हेंही ठरलें. यावर मात्र वाद फार झाला.

जाहिरातीस एका दांपत्याचें उत्तर आलें आहे, दोघेंही डॉक्टर. येत्या रविवारीं गांव पाहावयास येणार आहेत. बाईंनीं पत्रांत पगाराविषयीं कांहीं विचारलेलें नाहीं. गांवांत वाचनालय आहे काय, एवढेंच विचारलें आहे.

वाचनालय आहे. चार वर्षें त्याला कुलूप होतें. किल्ली सांपडली नाहीं, म्हणून काल कुलूप फोडलें. आज सकाळपासून आमच्या घरचीं मुलें पुस्तकांवरची धूळ झटकीत आहेत.