प्लेटखालचा इंचभर माल

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीसारख्या बाजाराच्या गावात यंत्र म्हटलं की जुन्या माणसांना आठवते ती पिठाची गिरणी आणि तिला ओढणारं ऑइल इंजिन. ते बसवायची रीत ठरलेली असे. चौथऱ्यात चौकोनी पॉकेटं सोडायची, त्यांत बोल्ट लोंबते ठेवायचे, पाचरींवर इंजिन लेव्हलला आणायचं आणि वरून सिमेंट-वाळूचा घोळ बादलीने ओतायचा. घोळ कोपऱ्यापर्यंत पोचावा म्हणून पाणी सढळ हाताने. चार दिवसांनी पाचरी काढल्या की प्लेटखाली पोस्टकार्ड सरकेल एवढी फट दिसायची. इंजिन थरथरायचं, नट ढिले व्हायचे आणि पाना घेऊन ते आवळणं गिरणीवाल्याच्या रोजच्या कामातच जमा होई.

दोष सिमेंटचा नव्हता, पाण्याचा होता. एप्रिलात काळी जमीन भेगाळते तेव्हा जे घडतं तेच त्या घोळात घडायचं. सिमेंटला हवं त्यापेक्षा जास्त पाणी वर येऊन उडून जायचं आणि माल आक्रसून खाली बसायचा. जाणता मिस्त्री म्हणून घोळ ओततच नसे. मुठीत धरला तर लाडू वळेल इतका कोरडा माल तो सळईने प्लेटखाली ठोकून बसवी. काम उत्तम होई, पण हात पोचेल तिथपर्यंतच. साखर कारखान्याच्या गिरणीच्या बैठकीखाली सगळीकडे हात कुठून पोचणार? गुंज आणि पोफाळीला कारखाने उभे राहिले, तेव्हापासून आमच्या भागातल्या फिटरांना हा प्रश्न पडत आला आहे.

उत्तर बाहेर आधीच शोधलं गेलं होतं. १९३०च्या दशकात अमेरिकेत घोळात लोखंडाचा कीस मिसळू लागले. कीस गंजतो, गंजताना फुगतो आणि आक्रसण्याची भरपाई करतो. युक्ती नामी, पण ओल्या जागी गंज थांबत नसे आणि काँक्रीटवर तांबडे डाग उमटत. पुढे ॲल्युमिनियमची चिमूटभर पूड आली. सिमेंटमधल्या अल्कलीशी तिचा संयोग होऊन हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात आणि माल ओला असतानाच थोडा फुगतो. त्यानंतर आली घट्ट होताना फुगणारी खास सिमेंटं. त्यांच्यात एट्रिंगाइटचे सुईसारखे स्फटिक वाढतात. हे सगळं मोजूनमापून एका पोत्यात भरलं गेलं आणि आपल्या साइटींवर ‘नॉन-श्रिंक ग्राऊट’ हा शब्द रुळला. वाहतो पाण्यासारखा आणि आक्रसत नाही, हे दोन्ही गुण पूर्वी एका मालात मिळत नसत.

महाराष्ट्र आणि गोव्याला मात्र पोकळीची खरी किंमत गिरणीत नव्हे, पुलांवर कळली. पूर्वताणित पुलात पोलादी केबली नळ्यांतून ओवतात, ताण देतात आणि नळीत सिमेंटचा घोळ दाबाने भरतात. त्यातलं पाणी सुटून वर गेलं की नळीच्या उंच टोकाला पोकळी राहते. तिथे हवा आणि खारं पाणी शिरतं आणि केबल आतून गंजते. बाहेरून काँक्रीट अगदी ठणठणीत दिसतं. पणजीचा मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. पुलाला दोन दशकंही झाली नव्हती. पूर्वताणाच्या तारा गंजल्या, हे कारण पुढे आलं. १९७३ साली खुल्या झालेल्या ठाणे खाडीच्या पहिल्या पुलावरही केबली गंजल्यामुळे मोठ्या डागडुजीची वेळ आली. त्याच सुमारास, डिसेंबर १९८५मध्ये, वेल्समधला यनिस-इ-ग्वास पूल पडला. १९९२मध्ये ब्रिटनने घोळ भरलेल्या केबलींचे नवे पूल बांधणंच थांबवलं आणि नियम कडक करून १९९६मध्ये बंदी उठवली. आपण बंदी घातली नाही. घोळ सुधारायला मात्र आपल्यालाही याच पडझडीने भाग पाडलं, असं माझं मत आहे.

आता नॉन-श्रिंकचं हे पोतं आमच्या दारात आलं आहे. मोबाइलचे टॉवर आले, वजनकाटे आले. राष्ट्रीय महामार्ग ३६१ महागाव, उमरखेडवरून नांदेडकडे जातो. त्याच्यासारख्या रस्त्यावर पुलांच्या बेअरिंगखाली हाच माल लागतो. वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचा वर्धा–कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाला. पुढचं काम पुसद, उमरखेडच्या बाजूने जायचं आहे, म्हणजे या मालाची गरज वाढणारच.

काम कसं होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. आदल्या दिवशी जुनं काँक्रीट टाचून खरबरीत करतात आणि पाण्याने भिजत ठेवतात. पॉकेटात थर्माकोलचा तुकडा राहिला असेल तर तो हट्टाने उकरून काढावा लागतो, कारण त्याला चिकटून काहीच धरत नाही. ओतण्याआधी साचलेलं पाणी फडक्याने टिपून घेतात. प्लेटभोवती शटरिंग, तेही मातीने लिंपून, कारण हा माल सुईच्या भोकातूनही वाट काढतो. २५ किलोच्या पोत्याला साधारण साडेचार लिटर पाणी. आधी पाणी, मग पावडर, आणि संथ फिरणारा मिक्सर. ओतायचं एकाच बाजूने, न थांबता. समोरच्या कडेने माल वर येईपर्यंत थांबायचं नाही. दोन्हीकडून ओतलं की हवा मधेच कोंडते. मिसळून ठेवून चहाला जाणं तर चालतच नाही, कारण फुगण्याचा गुण बादलीतच संपतो.

आमच्याकडच्या मे महिन्यात आणखी एक नियम लागतो. पोती सावलीत ठेवायची, पाणी बर्फाने गार करायचं आणि ओतण्याचं काम पहाटे उरकायचं. नंतर ओलं पोतं टाकून सलग पाणी मारायचं. हे केलं तर २८ दिवसांत ६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या आसपास ताकद येते, म्हणजे घराच्या एम-२५ काँक्रीटच्या दुपटीहून जास्त.

एवढं सगळं होऊन जुनी सवय काही गेलेली नाही. माल जड वाटला की मजूर मगभर पाणी वाढवतो आणि महागडं पोतं पुन्हा गिरणीच्या घोळावर येतं. चौथऱ्याखाली काळी माती तशीच ठेवली तर पावसाळ्यात पायाच हलतो. त्याचं खापरही लोक ग्राऊटवरच फोडतात, हे वेगळं.

तेव्हा गावात कुणी काटा, टॉवर किंवा मोटार बसवत असेल तर ठेकेदाराला तीनच गोष्टी विचारा: पोत्यावरची तारीख कोणती, पाणी मोजायचं भांडं कुठे आहे, आणि पाणी किती दिवस मारणार. भांडं नसेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकला.