थंडी, दमा आणि स्थलांतराचा विचार

मकरसंक्रांतीच्या सुमारास ग्वाल्हेरचा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, धुक्यामुळे अनेक दिवस सूर्यदर्शन होत नाही आणि लष्करातील मराठी घरांत एक जुना विषय पुन्हा निघतो : ‘‘येथील थंडी आता सोसवत नाही, गोव्याला किंवा पुण्याला बिऱ्हाड हलवावे.’’ घरातील नातवंडाला दमा असेल तर हा विचार अधिकच बळावतो. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी येथे छावणी वसवली. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या रुजलेले घर हलवण्यापूर्वी थंडी नेमके काय करते, हे जाणून घेणे इष्ट ठरेल.

सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते. हिवाळ्यात दारे-खिडक्या लावून सर्वजण एकाच खोलीत बसतात, त्यामुळे संसर्ग सहज पसरतो. शिवाय जमिनीलगतची थंड हवा वर सरकत नाही आणि धूर तिच्यातच कोंडून राहतो. थंड, कोरड्या हवेने दमेकरी मुलाच्या श्वासनलिका आकसतात हे खरे. परंतु विषाणू आणि धूर यांचा वाटाही तितकाच मोठा असतो, आणि ते कोणत्याही शहरात भेटतात.

गोव्याच्या दमट हवेत अंथरुणातील सूक्ष्म माइट आणि भिंतींवरील बुरशी जोमाने वाढते. ज्या मुलाला त्यांची अॅलर्जी आहे, त्याचा दमा तेथे बळावूही शकतो. म्हणून निर्णयापूर्वी पावसाळ्यासह तेथे काही आठवडे राहून पाहावे. इनहेलरचे नियमित औषध मात्र गाव बदलले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये.

नवजात बालकाची गोष्ट वेगळी. ते थंडीने कुडकुडत नाही. मान-खांद्यांभोवतीची तपकिरी चरबी जाळून ऊब निर्माण करते. हा साठा तुटपुंजा असतो, वजन कमी असल्यास आणखीच. आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरून वर पांघरूण घेणे आणि डोक्याला टोपडे घालणे हा उत्तम उपाय होय. बंद खोलीत शेगडी पेटवणे सर्वथा वर्ज्य. तिच्यातील कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बिलगतो आणि झोपेतच घात करतो.

वृद्धांच्या रक्तवाहिन्या थंडीने आकुंचित होऊन रक्तदाब वाढतो. हृदयविकाराचे झटकेही हिवाळ्यात अधिक येतात. त्यांनी पहाटेचे फिरणे ऊन पडेपर्यंत लांबवावे आणि रक्तदाब वरचेवर तपासून घ्यावा. ज्यांना शक्य आहे, त्यांनी पौष-माघ मुला-मुलींकडे उबदार गावी जरूर काढावेत.

कायमच्या स्थलांतराचा हिशेब मात्र केवळ तापमानाचा नसतो. वर्षानुवर्षे प्रकृती ओळखणारा डॉक्टर आणि मध्यरात्री हाकेला धावून येणारा शेजारी, हेही आरोग्याचेच आधार आहेत. नव्या गावी ते पुन्हा जोडायला वेळ लागतो, आणि सत्तरीनंतर तो वेळ थोडाच उरलेला असतो.