ऊन, सनस्क्रीन आणि बँड गॅप

चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाची ओळख करून द्यायची गरज नाही. पण एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. आपलं चंद्रपूर साधारण 20 अंश अक्षांशावर असल्याने 20 मेच्या आसपास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. किरणांना वातावरणातून सर्वांत कमी अंतर कापावं लागतं, म्हणून अतिनील किरणांचा माराही तेव्हाच जास्त. सर्व्हेच्या कॅम्पला थिओडोलाइट घेऊन उभं राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आमच्या विंगमध्ये वाद नेहमीचाच : 'केमिकल' सनस्क्रीन चांगलं की 'मिनरल'? खरं म्हणजे झिंक ऑक्साइडही केमिकलच! फरक आहे तो सेंद्रिय आणि असेंद्रिय असा. अ‍ॅव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन हे सेंद्रिय रेणू किरण शोषून त्यांची उष्णता करतात. मिनरल म्हणजे झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड. हे आरशासारखे किरण परतवतात असं सर्रास सांगितलं जातं, पण तेही मुख्यतः शोषतातच. सेमिकंडक्टरचा धडा आठवा : झिंक ऑक्साइडचा बँड गॅप सुमारे 3.3 इलेक्ट्रॉन व्होल्ट. 1240 भागिले 3.3, म्हणजे 376 नॅनोमीटर. त्याहून आखूड तरंगलांबीचे किरण तो गिळतो. परीक्षेला घोकलेलं सूत्र असं चेहऱ्यावर कामाला येतं!

मग घ्यावं कोणतं? मिनरल त्वचेला कमी झोंबतं, पण आपल्या सावळ्या रंगावर पांढरट थर दिसतो. सेंद्रिय सहज जिरतं, पण काहींचे डोळे चुरचुरतात आणि अ‍ॅव्होबेन्झोन एकटं असलं तर उन्हातच विघटित होतं. म्हणून त्याला स्थिर ठेवणारे घटक सोबत घालतात. अमेरिकेच्या एफडीएने 2019 च्या प्रस्तावात दोन्ही मिनरल घटकांना सुरक्षित व परिणामकारक मानलं आणि 12 सेंद्रिय घटकांबद्दल आणखी माहिती मागितली. माहिती मागितली म्हणजे घातक ठरवलं, असं नव्हे.

आकड्यांचंही तसंच. एसपीएफ 30 सुमारे 97 टक्के यूव्हीबी अडवतो, 50 सुमारे 98. पण ही मोजणी दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम थर धरून असते. ट्यूब महिनाभर पुरवायची म्हणून वाटाण्याएवढं लावलं तर 50 चा आकडा डब्यावरच राहतो. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं हवं, आणि घाम आला की, नाहीतर दर दोन तासांनी, पुन्हा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सनस्क्रीन लू थांबवत नाही. क्रीम लावलं म्हणून दुपारी मैदानावर क्रिकेट खेळणं हा शुद्ध वेडेपणा. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जाणारी माणसं पहाटेच जंगलात शिरतात. वेळ सांभाळणं, डोक्याला दुपट्टा, सोबत पाणी हे आधी, ट्यूब त्यानंतर. आणि ती घेताना जाहिरातीतला गोरा चेहरा पाहू नका, मागची घटकांची यादी वाचा!