औषधदानातील उजेड

आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने श्रावकाला सांगितली आहेत. त्यांपैकी औषधदान आपल्या व्यापारी समाजाने विशेष आस्थेने जपले. गावोगावचे धर्मादाय दवाखाने, नेत्रशिबिरे आणि रुग्णवाहिका ही त्याची साक्ष होय. परंतु औषध आहे, खाट आहे, परिचारिका आहे आणि रात्री उजेड मात्र नाही, अशा ठिकाणी या दानाचे मोल सूर्यास्ताबरोबर निम्मे होते. नेपाळच्या डोंगराळ भागातील आरोग्य चौक्यांची हकीकत या दृष्टीने जाणून घेण्यासारखी आहे.

नेपाळच्या पहाडी आणि हिमाली प्रदेशांत अनेक गावे डोंगराच्या सोंडेवर वसलेली आहेत. पक्का रस्ता गाठण्यासाठी कित्येक तास चालावे लागते. जिल्ह्याचे रुग्णालय त्याहून दूर. स्त्रियांनी घरी बाळंत न होता आरोग्यकेंद्रात यावे म्हणून तेथील सरकारने 2009 साली ‘आमा’ कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रसूती विनामूल्य झाली, आणि प्रवासखर्चापोटी हिमाली जिल्ह्यात 1500, पहाडी जिल्ह्यात 1000 व तराईत 500 नेपाळी रुपये मातेच्या हाती देण्याचे ठरले. स्त्रिया येऊ लागल्या. मात्र त्या काळी राजधानी काठमांडूतही हिवाळ्यात दिवसाचे दहा-बारा तास किंवा त्याहून अधिक वीज नसे. मग डोंगरावरील चौकीची काय कथा?

आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम असल्यामुळे सूर्यास्ताची वेळ आपल्याला पंचांग न पाहताही कळते. प्रसूतीला असा नियम लावता येत नाही. ती मध्यरात्री येते, पावसात येते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबला की वाढतो आहे, टाका कोठे घालावा, नवजात बाळाचा रंग निळसर आहे काय, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. मेणबत्तीच्या किंवा दातांत धरलेल्या विजेरीच्या उजेडात ते नीट दिसत नाही, आणि अतिरक्तस्राव सुरू झालेल्या मातेजवळ वेळ फार थोडा असतो.

या अडचणीवर एक साधा तोडगा कॅलिफोर्नियातील प्रसूतितज्ज्ञ डॉ. लॉरा स्टॅचेल यांनी काढला. 2008 मध्ये त्या मातामृत्यूंच्या अभ्यासासाठी उत्तर नायजेरियात गेल्या. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेल्याचे त्यांनी तेथे स्वतः पाहिले. त्यांचे पती हॅल ॲरॉन्सन हे सौरऊर्जेचे शिक्षक. दोघांनी मिळून एका पेटीत मावेल अशी सौरसंच-योजना तयार केली. छपरावर सौरपट्टी, भिंतीवर पिवळी पेटी, तिच्यात बॅटरी व नियंत्रक. त्यांवर प्रसूतिकक्षाचे एलईडी दिवे, डोक्याला बांधायचे दिवे, गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकण्याचे यंत्र आणि मोबाइल भारित करण्याची सोय. ‘वी केअर सोलर’ या त्यांच्या संस्थेमार्फत अशा हजारो पेट्या निरनिराळ्या देशांत पोहोचल्या. 25 एप्रिल 2015 च्या 7.8 तीव्रतेच्या भूकंपात नेपाळमध्ये सुमारे नऊ हजार माणसे दगावली आणि शेकडो आरोग्यकेंद्रे कोसळली. त्या आपत्तीनंतर तेथील प्रसूतिकेंद्रांतही या पेट्या गेल्या. विजेच्या तारा डोंगर चढून येण्याची वाट पाहावी लागली नाही. माणसाच्या पाठीवरून पेटी चढली.

व्यापारी मनाला हिशेब पटतो, म्हणून एका लहान चौकीचा हिशेब मांडून पाहू. सहा वॅटचे चार दिवे बारा तास जळले तर 288 वॅट-तास लागतात. दोन मोबाइल, ठोके ऐकण्याचे यंत्र आणि अर्धा तास चालणारे शोषणयंत्र यांसाठी आणखी 72 धरले, तर दिवसाची गरज 360 वॅट-तास होते. पावसाळी दिवसांत तीन तासांइतकेच पूर्ण ऊन मिळेल आणि तीस टक्के ऊर्जा वाटेत वाया जाईल असे गृहीत धरले, तरी सुमारे पावणेदोनशे वॅटची, म्हणजे व्यवहारात 200 वॅटची पट्टी पुरते. दोन रात्री सूर्याविना निभावण्यासाठी 12 व्होल्टची 75 अँपिअर-अवर क्षमतेची लिथियम बॅटरी लागेल. शहरातील एका घराचे वातानुकूलन यंत्र तासाभरात जेवढी वीज खाते, त्याहून कमी विजेत डोंगरावरील प्रसूतिकक्षाची संपूर्ण रात्र उजळते. लसींसाठीचे शीतपात्र मात्र वेगळे ठेवणे इष्ट. बहुतेक लसी 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानातच टिकतात. त्यासाठी आता बॅटरीशिवाय थेट उन्हावर चालणारी आणि दिवसा गोठविलेल्या बर्फाच्या बळावर रात्र काढणारी शीतपात्रे मिळतात.

डोंगराचे काही नियम निराळे आहेत. थंडीत सौरपट्टीचे काम सुधारते, परंतु तिच्यावर बर्फ साचला तर वीज थांबते. म्हणून ती दक्षिणेकडे तोंड करून बऱ्यापैकी उभी बसवितात. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली भारित केली तर बिघडते. म्हणून तिची जागा खोलीच्या आत, उबेला. शेजारच्या कड्याची सावली हिवाळ्यात कोठवर येते, हे गावातील वृद्ध माणूस अभियंत्यापेक्षा चांगले सांगू शकतो.

खरी कसोटी उद्घाटनानंतर लागते. पट्टी वीस-पंचवीस वर्षे टिकते. बॅटरी त्याच्या पाव वेळात थकते. तोवर देणगीदाराचे नाव कोरलेली पाटी चकचकीत असते, परंतु दिवे मंदावलेले असतात. धूळ पुसणारा, सैल झालेली तार आवळणारा कोणी नसला की संच बंद पडतो, आणि परिचारिका पुन्हा विजेरी हाती घेते. आपल्या देशात छत्तीसगड राज्याने या बाबतीत चांगला धडा घालून दिला. तेथील ‘क्रेडा’ या शासकीय संस्थेने पाचशेहून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौरसंच बसविले आणि देखभालीची व्यवस्थाही लावली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, सौरसंच असलेल्या केंद्रांत महिन्याकाठी होणाऱ्या प्रसूती, वीजटंचाई असलेल्या व सौरसंच नसलेल्या केंद्रांच्या जवळजवळ दुप्पट होत्या.

दुकानातील तराजू किंवा गोदामातील मोटार यांवर दरवर्षी घसारा धरला जातो. तो न धरणाऱ्याचा नफा कागदावरच राहतो. दानाच्या वस्तूवर मात्र घसारा धरण्याची प्रथा नाही. समजा, बॅटरीची किंमत तीस हजार रुपये आहे आणि ती पाच वर्षे टिकणार आहे. तर दरमहा पाचशे रुपये वेगळ्या खात्यात जमा झाले पाहिजेत. हे खाते चौकीच्या स्थानिक समितीच्या नावे असावे, त्यातील रक्कम अन्य कामास काढता येऊ नये, आणि गावातीलच एका तरुणाला किंवा तरुणीला तारा, फ्यूज व बॅटरी यांचे शिक्षण देऊन थोडे मानधन द्यावे. देणगीपत्रातच या दोन अटी लिहून घेतल्या, तर पुष्कळ संच वाचतील.

आपल्या शास्त्रकारांनी हा विचार फार पूर्वी केला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाचे मोल विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींवरून ठरते, असे सांगितले आहे. द्रव्य आपल्याकडे आहे, दाते आहेत, आणि अंधारात बाळंत होणाऱ्या मातेहून योग्य पात्र कोणते? उरतो तो विधी. देखभालीची तरतूद हा या दानाचा विधी होय.

पर्युषणात किंवा घरच्या मंगलप्रसंगी एखाद्या दुर्गम दवाखान्यासाठी सौरसंच देण्याचा संकल्प एखादे कुटुंब करील, तर त्याने विक्रेत्याला पट्टीची किंमत विचारण्याआधी परिचारिकेला रात्रीची गरज विचारावी, आणि रकमेचे दोन भाग करावेत: एक संचासाठी, दुसरा सहाव्या वर्षाच्या बॅटरीसाठी. दुसऱ्या भागाची पाटी कोठेही लागणार नाही. तरीही त्या भागावाचून पहिला भाग पाच वर्षांतच विझतो.