एचेव्हेरिया (आडनाव)

एचेव्हेरिया हे बास्क भाषेतून आलेले आडनाव असून त्याचा अर्थ ‘नवे घर’ असा आहे. पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला, स्पेन आणि फ्रान्स या दोन्ही देशांत पसरलेला बास्क प्रदेश हे त्याचे मूलस्थान होय. स्थलांतरामुळे ते लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत रुजले. भारतात परिचित असलेले ‘झेवियर’ हे नावही याच शब्दाचे रूपांतर आहे.

व्युत्पत्ती

बास्क भाषेत ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेरी’ म्हणजे नवे. या भाषेत विशेषण नामानंतर येते. शेवटचा ‘आ’ हा निश्चितता दर्शवणारा प्रत्यय आहे. त्यामुळे ‘एचेबेरिया’ या मूळ रूपाचा शब्दशः अर्थ ‘ते नवे घर’ असा होतो. गोइकोएचेआ (वरचे घर) यांसारखी इतर बास्क आडनावेही ‘एचे’ या शब्दापासूनच बनली आहेत.

घर आणि आडनाव

पारंपरिक बास्क ग्रामजीवनात घर म्हणजे केवळ वास्तू नव्हे. शेतजमीन, सामाईक कुरणावरील हक्क आणि चर्चमधील दफनाची जागा हे सारे घराशी निगडित असे. प्रत्येक घराला स्वतःचे नाव असे व माणसे त्या नावाने ओळखली जात. लग्नानंतर पत्नीच्या घरी राहावयास गेलेला पुरुषही पुष्कळदा त्या घराच्या नावाने ओळखला जाई. नवे घर गावोगावी बांधले जात असल्याने हे आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाले. म्हणूनच एचेव्हेरिया आडनावाच्या सर्व व्यक्ती एकाच पूर्वजाच्या वंशज ठरत नाहीत.

रूपभेद

पश्चिमेकडील बोलीत ‘बेरी’ऐवजी ‘बारी’ म्हणतात. त्यातून एचेबारिया व एचाव्हारिया ही रूपे आली. आरंभीचा स्वर गळून चाव्हारिया हे रूप झाले. फ्रान्समध्ये एचेवेरी व देचेवेरी ही रूपे आढळतात. स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीनंतर अनेक कुटुंबांनी स्पॅनिश वळणाचे लेखन सोडून मूळ बास्क वळणाचे लेखन पुन्हा स्वीकारले.

झेवियर

नवारे प्रांतातील हाविएर या गावाचे व तेथील किल्ल्याचे नाव ‘एचेबेरी’ या शब्दाचा अपभ्रंश आहे. संत फ्रान्सिस झेवियर (१५०६–१५५२) यांचा जन्म या किल्ल्यात झाला. त्यांच्या वडिलांचे आडनाव हासो होते. किल्ला आईच्या घराण्याकडून आलेला होता. तरीही ते जगाला परिचित झाले ते जन्मघराच्या नावाने. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात पोहोचले. चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर त्यांचे निधन झाले; त्यांचे पार्थिव जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिकेत आहे. गोव्यातील कॅथलिक त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाल्यानंतर त्यांचे नाव मुलांना ठेवण्याची प्रथा कॅथलिक जगात पसरली. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय (स्थापना १८६९) त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

प्रसार

घराचे तुकडे पडू नयेत म्हणून बास्क कुटुंबांत घर व जमीन सामान्यतः एकाच अपत्याकडे जाई. उरलेल्या भावंडांना चर्च, समुद्र किंवा परदेश यांपैकी एखादी वाट धरावी लागे. वसाहतकाळात अनेक बास्क खलाशी, व्यापारी व अधिकारी म्हणून स्पॅनिश अमेरिकेत गेले. एकोणिसाव्या शतकात युद्धे व दारिद्र्य यांमुळे अर्जेंटिना, उरुग्वे व चिली येथे मोठे स्थलांतर झाले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पश्चिम भागात बास्क लोक मेंढपाळ म्हणून स्थिरावले. अशा रीतीने, घराचे नाव घराबाहेर पडावे लागलेल्यांनीच दूरवर नेले.

उल्लेखनीय व्यक्ती

- एस्तेबान एचेव्हेरिया (१८०५–१८५१): अर्जेंटिनाचे कवी व लेखक, तेथील साहित्यातील स्वच्छंदतावादाचे प्रवर्तक.
- लुइस एचेव्हेरिया (१९२२–२०२२): मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष (१९७०–१९७६).
- आतानासिओ एचेव्हेरिया: अठराव्या शतकातील मेक्सिकन वनस्पतिचित्रकार. मांसल पानांच्या ‘एचेव्हेरिया’ या वनस्पती-प्रजातीला त्यांचे नाव देण्यात आले आहे.