कॅन्सर झाला, बराही झाला: हेही गावाला कळू द्या

सेलू असो की सोनपेठ, कॅन्सरनं माणूस गेला की पंचक्रोशीला कळतं. मुंबईला किंवा संभाजीनगरला उपचार घेऊन बरा झालेला माणूस मात्र ‘एक ऑपरेशन झालं होतं’ एवढंच सांगतो. घरात मुलगी लग्नाची असते, लोक काय म्हणतील याची धास्ती असते. त्यामुळे गावाच्या हिशेबात कॅन्सरनं गेलेले तेवढे मोजले जातात, जगलेले राहून जातात. अशा अर्धवट हिशेबातून झालेले हे काही गैरसमज.

गैरसमज : कॅन्सर म्हणजे कॅन्सल!
वस्तुस्थिती : शरद पवारांना २००४ मध्ये, ऐन लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत, तोंडाच्या कॅन्सरचं निदान झालं. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन घेऊन पुढं दोन दशकं ते राजकारणात राहिले, आणि तंबाखू-सुपारी कशी महागात पडते हेही जाहीरपणे सांगत आले. अभिनेते शरद पोंक्षे यांना २०१८ च्या अखेरीस लसिका ग्रंथींचा कॅन्सर निघाला. किमोथेरपी पूर्ण करून २०१९ मध्ये ते पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. सोनाली बेंद्रे यांनी तर आपला कॅन्सर शरीरात पसरल्याचं जुलै २०१८ मध्ये स्वतःच जाहीर केलं. आज त्या काम करताहेत. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही. कोणत्या अवयवाचा, कोणत्या प्रकारचा आणि कोणत्या टप्प्यावर सापडला, यावर बरंचसं ठरतं.

गैरसमज : सुई टोचली, सुरी लागली की कॅन्सर पसरतो.
वस्तुस्थिती : तुकडा काढून तपासल्याशिवाय, म्हणजे बायोप्सीशिवाय, कोणता कॅन्सर आहे हे सहसा पक्कं कळत नाही आणि नेमके उपचारही ठरत नाहीत. होतं असं की, या भीतीनं माणूस आधी झाडपाल्यात तीन-चार महिने घालवतो. तोवर गाठ वाढते. मग तपासणी होते, आजार पुढं गेलेला निघतो आणि खापर फुटतं सुईवर.

गैरसमज : दुखत नाही ना, मग काही नाही.
वस्तुस्थिती : सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखतच नाही. तंबाखू, गुटखा खाणाऱ्यानं आरशासमोर उजेडात गाल ओढून बघावा, जीभ उचलून खालची बाजू बघावी. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंडात तीन बोटं उभी न मावणं, यातलं काहीही दिसलं तर दवाखाना गाठावा. बायकांनी स्तनातली न दुखणारी गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणं, संबंधानंतर रक्त दिसणं, हे अंगावर काढू नये.

वेळेवर तपासण्याचा पुरावा आपल्या मराठवाड्यातच आहे. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या एक लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी ज्या गटाला एकदाच देऊ केली, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या बायका आपल्यासारख्याच शेताशिवारात राबणाऱ्या होत्या.

गैरसमज : रुग्णाच्या ताटात जेवलं की लागण होते.
वस्तुस्थिती : कॅन्सर उष्ट्यानं, स्पर्शानं, शेजारी झोपल्यानं होत नाही. एचपीव्ही विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, कॅन्सर नव्हे. भांडी वेगळी ठेवून फक्त माणूस तुटतो.

गैरसमज : मनानं खंबीर असतो तो वाचतो.
वस्तुस्थिती : हा गैरसमज सर्वांत गोड आणि म्हणूनच सर्वांत क्रूर. अभिनेते अतुल परचुरे आपल्या आजाराबद्दल मोकळेपणानं बोलले, पुन्हा कामाला लागले. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी ते गेले. धीर कमी पडला म्हणून नव्हे. धीरामुळे उपचार पूर्ण करायला बळ मिळतं, पण गाठ औषधानं, शस्त्रक्रियेनं, रेडिएशननंच हटते. गेलेल्या माणसाला ‘खचला’ म्हणून दोष देऊ नये.

गैरसमज : हे पैसेवाल्यांचं काम.
वस्तुस्थिती : महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन येतात. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं झालं, तर रुग्णालयाच्या दाखल्यावर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.

जिंतूर, पाथरी, गंगाखेड, पालम, पूर्णा, कुठंही असा. उपचार घेऊन बरे झाला असाल, तर आजाराचं नाव घेऊन सांगा. पारावर, बचत गटात, आशाताईंसोबत, जिथं जमेल तिथं. शेजारच्या घरात कुणीतरी गाठ पदराआड लपवून बसलेलं असू शकतं. ‘मलाही झाला होता, चल, मी येते दवाखान्यात’ हे वाक्य त्या घराला पुढारी-नटांच्या दाखल्यांपेक्षा लवकर पटेल.